सिलतऱ्याची भट्टी आणि नागपूरचा नकाशा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता धुराच्या रेषा दिसू लागतात. हा सिलतरा. आधी उरला, मग सिलतरा, अशी या औद्योगिक वसाहतींची रांग आहे. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, त्यांच्या उष्णतेवर चालणारी छोटी वीजकेंद्रे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खनिज व कोळसा घेऊन उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा असे येथील दृश्य असते. झाडांची पाने हिरवी की काळी, हे पावसाळ्यातच कळते. महाराष्ट्रातल्या वाचकाने हे नाव ऐकले असण्याची शक्यता थोडी. परंतु त्याच्या घराच्या स्लॅबमधली सळई याच परिसरातून आलेली असू शकेल.

सरकारी कामानिमित्त माझे तेथे जाणे झाले. कामाचे स्वरूप येथे महत्त्वाचे नाही. ज्या कारखान्यात गेलो होतो तेथील भट्टीचा प्रमुख एक तरुण अभियंता निघाला, आणि माझे आडनाव वाचताच त्याने हिंदी सोडून मराठी धरली. गाव विचारले तर म्हणाला, "वरोरा, सर. आनंदवनाचे वरोरा."

मी म्हणालो, "वरोरा आनंदवनाच्या आधी कशासाठी प्रसिद्ध होते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्याला ठाऊक नव्हते. वरोऱ्याला कोळशाची खाण होती, आणि तो कोळसा नापास ठरला नसता तर कदाचित देशाचा पहिला मोठा पोलाद कारखाना चांदा जिल्ह्यात उभा राहिला असता, हे मी त्याला त्या आगीजवळ उभा राहून सांगितले. नीट सांगता आले नाही. भट्टीचा आवाज फार होता. ते सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

लोकांना कारखान्याचा इतिहास आवडतो, खाणीचाही थोडाफार आवडतो. परंतु खाणीच्या आधी जे घडते त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. त्या टप्प्यात उद्घाटनाची फीत नसते. काही माणसे बैलगाडीतून किंवा जीपमधून रानोमाळ हिंडतात, दगड फोडतात, पिशव्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या टप्प्याचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानात येते. येथे पैसा खर्चून जे मिळते ते खनिज नव्हे, ती माहिती असते. 'येथे काही नाही' हीसुद्धा माहितीच असते, आणि पुढच्या माणसाचे कष्ट व भांडवल वाचवण्याच्या दृष्टीने ती मोलाची असते. मात्र ज्याने ती मिळवली त्याला तिची किंमत कोणी देत नाही.

जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणीच्या निमित्ताने मध्य प्रांतात त्यांचा राबता होता. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोहउद्योग कितपत किफायतशीर होईल, यावर एक अहवाल लिहिला. चांद्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असा त्याचा आशय. गावाचे नाव लोहारा असावे आणि तेथे लोखंड निघावे, यात योगायोग काही नाही. आपली खेडी आपापल्या नावांतच भूगर्भाची नोंदवही ठेवीत आली आहेत. फक्त ती वाचायला कोणी जात नाही.

अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. त्यांनी खनिज आणि कोळसा तपासून घेतला. खनिज चांगले होते, कोळसा कामाचा नव्हता. झोतभट्टीला नुसता कोळसा चालत नाही, त्याचा कोक व्हावा लागतो. कोक म्हणजे हवाबंद तापवून घट्ट, सच्छिद्र झालेला असा कोळसा की जो भट्टीत खनिजाचा भार पेलून उभा राहतो. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. शिवाय सरकारचे खनिजविषयक नियम इतके जाचक होते की शोधावर पैसा घालणाऱ्याने शोध लागल्यावर काय मिळणार हे विचारूच नये. जमशेटजींनी विषय बाजूला ठेवला, पण कागद ठेवून दिले. पुढची सतरा वर्षे लोखंड-पोलादासंबंधीची कात्रणे ते जमवीत राहिले.

१८९९ साली दोन गोष्टी झाल्या. मेजर माहोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने भारतात पोलाद उद्योगाची वेळ आली आहे असा अहवाल प्रसिद्ध केला, आणि लॉर्ड कर्झनच्या सरकारने खनिज सवलतींचे नियम सैल केले. कर्झनविषयी आपल्याकडे चांगले बोलण्याची पद्धत नाही, आणि त्याला कारणेही आहेत. पण प्रशासनाच्या इतिहासात नियमातल्या एका दुरुस्तीने किती हालचाल होते, याचे हे उदाहरण टाळता येत नाही. साठीच्या उंबरठ्यावर आलेले जमशेटजी पुन्हा कामाला लागले. १९०० साली लंडनला भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले, १९०२ साली अमेरिकेला गेले. तेथे त्यांना चार्ल्स पेज पेरिन हा सल्लागार अभियंता मिळाला आणि पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवले.

या टप्प्यावर कंपनी नव्हती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी व्हायची होती १९०७ साली, म्हणजे अजून काही वर्षांनी. आज आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात तांबे-सोने शोधणाऱ्या छोट्या छोट्या कंपन्या असतात, त्यांच्याजवळ खाण नसते, भट्टी नसते, एक परवाना आणि दोन-चार माणसे असतात. १९०३-०४ची ही मंडळी अगदी त्याच जातीची. एक अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि जमशेटजींचा भाचा शापूरजी सकलातवाला. हा शापूरजी पुढे इंग्लंडला गेला, साम्यवादी झाला आणि बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून आला. चांद्याच्या जंगलात बैलगाडीतून हिंडताना त्याने काय पाहिले आणि त्याचा त्याच्या पुढच्या मतांशी काही संबंध होता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. कोणीतरी नीट अभ्यास करावा.

चांद्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको. वाघांचा प्रदेश, रस्ते नाहीत, पाण्याचे हाल. प्यायला चांगले पाणी मिळेना म्हणून या मंडळींनी सोडावॉटरचा चहा करून घेतल्याची गोष्ट टाटांच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. इतके करून वेल्डचा निष्कर्ष असा निघाला की, लोहाऱ्याचे खनिज उत्तम आहे पण तुकड्यातुकड्यांत आहे. मोठ्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतके नाही. वेल्डच्या मते काम संपले होते. जमशेटजींनी त्याला थांबवून घेतले. 'नाही' असे स्पष्ट सांगणारा तज्ज्ञ त्यांना परत पाठवावासा वाटला नाही, यावरून त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याची पारख कळते. आमच्या खात्यांत 'नाही' सांगणाऱ्याची बदली होते.

यापुढची गोष्ट नागपूरची. चांद्याचा शोध आम्ही सोडून देत आहोत, हे सरकारला कळवण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात रॉबर्टसन या अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते. (तेव्हाही नसत.) वेळ काढायला म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला 'अजब बंगला' म्हणतात तेच हे १८६३ साली स्थापन झालेले संग्रहालय. लहानपणी पेंढा भरलेला वाघ आणि प्रचंड सांगाडे पाहायला आपण तेथे जात असू. दोराबजींना तेथे मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा दिसला, आणि त्या नकाशावर नागपूरच्या पूर्वेस, सुमारे १४० मैलांवर, लोहखनिज दाखवणारा गडद रंग दिसला. त्या जागेचे नाव धल्ली-राजहरा.

हे ठिकाण दुर्ग जिल्ह्यात होते असे सगळीकडे लिहितात. दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला. नकाशा छापला गेला तेव्हा आणि दोराबजींनी तो पाहिला तेव्हा हा मुलूख रायपूर जिल्ह्याचा होता. आज तो २०१२ साली झालेल्या बालोद जिल्ह्यात आहे. जागा हलली नाही, तिच्यावरचे तीन जिल्हे बदलले. आणि रायपूरच्या डोंगराचा नकाशा नागपूरच्या भिंतीवर का? कारण भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर नागपूर आणि छत्तीसगड एकाच प्रांतात राहिले, आणि रायपूरचा प्रत्येक महत्त्वाचा कागद शेवटी नागपूरला जाई. बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून जी मराठी वस्ती या मुलखात रुजली, तिला हा प्रवास सवयीचाच होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यात जुन्या मराठी घरांत आजही नागपूरचे नाते सांगितले जाते.

तो रंग नकाशावर कोणी भरला? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी प्रमथनाथ बोस यांनी. १८५१ साली स्थापन झालेल्या या खात्यात वरच्या श्रेणीत नेमले गेलेले ते पहिले भारतीय. १८८० साली रुजू झाले. लंडनला शिकलेले हे बंगाली गृहस्थ छत्तीसगडच्या रानात तंबू ठोकून महिनोन्‌महिने राहिले आणि १८८७ साली त्यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. छोटे म्हणजे मोजक्या पानांचे. विषय लक्षात घ्यावा: लोहउद्योग. त्या काळी तेथे उद्योग होता. अगरिया आणि इतर लोहार मंडळी मातीच्या छोट्या भट्टीत, लोणारी कोळसा आणि पायाने चालवायचे भाते वापरून, डोंगरातल्या दगडाचे लोखंड करीत. नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे त्यातून बनत. बोस डोंगरापर्यंत पोचले ते या धुराच्या वाटेने, असे मला वाटते. सरकारी भूवैज्ञानिकाच्या आधी शेकडो वर्षे पूर्वेक्षण होऊन गेले होते, आणि ते करणाऱ्यांजवळ परवाना नव्हता. व्हेरिअर एल्विनने पुढे १९४२ साली अगरियांवर ग्रंथ लिहिला तोवर त्यांची भट्टी विझत आली होती.

वेल्ड आणि मंडळी राजहऱ्याला गेली. डोंगर जवळजवळ सगळाच लोखंडाचा. चालताना पायाखाली धातूचा आवाज येतो, असे त्या भेटीचे वर्णन करतात. साठ टक्क्यांहून अधिक लोह असलेले खनिज आणि तेही उघड्यावर. यापेक्षा मोठे यश पहिल्या फेरीत कोणाला मिळते?

आणि तरीही कारखाना तेथे झाला नाही. खनिजाजवळ कोक होणारा कोळसा नव्हता, तो झरियाला होता. भरवशाचे मुबलक पाणी नव्हते. महानदीच्या काठी संबळपूरजवळ पद्मपूरची जागा पाहून झाली. एवढ्यात दुसरीकडून पत्र आले. ते होते प्रमथनाथ बोसांचे, दिनांक २४ फेब्रुवारी १९०४. त्यांच्याहून नोकरीत कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना १९०३ साली संचालक नेमण्यात आले, तेव्हा बोसांनी सरकारी नोकरी सोडली होती आणि ते मयूरभंज संस्थानात गेले होते. तेथे गोरुमहिषाणीच्या डोंगरात त्यांना पुन्हा लोखंड सापडले आणि ते त्यांनी जमशेटजींना कळवले. हे खनिज कोळशाला जवळ, कलकत्त्यालाही जवळ. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात निधन पावले. पुढे सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमावरचे साकची गाव निवडले गेले, १६ फेब्रुवारी १९१२ रोजी तेथे पोलाद ओतले गेले आणि १९१९ साली गावाचे नाव जमशेदपूर झाले. हे सर्वश्रुत आहे, म्हणून येथे थांबतो. सरकारने ज्याला डावलले त्याने सरकारला जे सांगितले असते ते खाजगी उद्योगाला सांगितले. मनुष्यबळाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही तक्त्यात हे नुकसान दिसत नाही.

मला रस आहे तो मागे टाकलेल्या डोंगरात. राजहरा सोडून दिला गेला. कागद मात्र राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि भिलाईला कारखाना काढायचे ठरले, तेव्हा त्याला खनिज कोठून द्यायचे हा प्रश्न कोणाला नव्याने सोडवावा लागला नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. १८८७चे टिपण आणि ही भट्टी यांत बहात्तर वर्षांचे अंतर आहे. बैलाडिलाचे तेच. बस्तरमधल्या त्या रांगेतील लोहखनिजाची पहिली शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोसांनीच केली, १९३०च्या दशकात क्रुकशँकने तेथे नकाशे केले, आणि राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाच्या खाणीतून खनिज निघू लागले ते १९६८ साली.

डोंगराबरोबर माणसे येतात, आणि या टिपणांचा सर्वांत दुबळा भाग तोच असतो. बोसांच्या विषयात निदान लोहार होते. नंतरच्या अहवालांत टक्केवारी वाढत गेली आणि माणूस नाहीसा झाला. दल्ली-राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली संप केला, गोळीबार झाला, अकरा माणसे मेली. त्यातून शंकर गुहा नियोगींची संघटना उभी राहिली, कामगारांनी १९८३ साली आपल्या पैशांतून शहीद रुग्णालय काढले, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. नियोगींचे एक म्हणणे प्रशासनाने तेव्हा नीट ऐकले नाही असे माझे मत आहे: खाणीचे यांत्रिकीकरण संपूर्णच करायचे की अर्धे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता सिलतऱ्याकडे. सिलतऱ्याच्या कारखान्यांना राजहऱ्याचे खनिज मिळत नाही. ते भिलाईचे राखीव. हे कारखाने बैलाडिलाचे, ओडिशाचे, मिळेल तेथले घेतात. पण खरी गंमत कोळशाची आहे. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे थोडीशी कललेली, सावकाश फिरणारी एक प्रचंड लांब नळी. तीत खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट एका टोकाने घालतात. सुमारे हजार अंशांच्या आसपास उष्णता असते. लोखंड वितळत नाही, दगडातला प्राणवायू तेवढा निघून जातो आणि छिद्राछिद्रांचे लोखंड दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. लोहचुंबकाने ते वेगळे करतात, उरलेली राख-कोळशाची भेसळ म्हणजे डोलोचार, ती वीजकेंद्रात जाळतात. या भट्टीत खनिजाचा डोलारा उभा राहत नसल्यामुळे कोक लागत नाही. कोक न होणारा कोळसा चालतो, आणि तो कोरबा भागात अमाप आहे. भारतात या पद्धतीचा व्यापारी कारखाना प्रथम आंध्रात पालोंचाला १९८० साली निघाला. आज जगात सर्वांत अधिक स्पंज आयर्न भारतात होते आणि त्यातला मोठा वाटा छत्तीसगडचा आहे.

म्हणजे १८८२ साली ज्या दोषापायी चांद्याचा बेत फिसकटला, तो दोष शंभर वर्षांनी दोषच राहिला नाही. वितळवल्याविना लोखंड करणे ही गोष्ट अगरियांना नवी नव्हती. त्यांच्या मातीच्या भट्टीतही लोखंड वितळत नसे. वरोऱ्याच्या त्या अभियंत्याला हे सांगितले तेव्हा तो क्षणभर आपल्या भट्टीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, आम्ही अगरियांचेच काम करतो, फक्त दिवसाला शेकडो टन." मी म्हटले, धूरही त्याच प्रमाणात. त्यावर तो हसला नाही.

आफ्रिकेतल्या तांब्याची कथा याहून वेगळी नाही. आजच्या झांबियात १९०२ साली विल्यम कॉलियर नावाच्या शोधकाने एक रोन हरण मारले आणि ते पडले त्या खडकावर त्याला तांब्याची हिरवट झाक दिसली, असे सांगतात. खाणीला नावही रोन अँटिलोप असेच पडले. पण पृष्ठभागावरचे तांबे हलक्या प्रतीचे होते, म्हणून जागा पडून राहिली. १९२०च्या दशकात खोलवर छिद्रे पाडली गेली तेव्हा खाली वेगळ्या प्रकारचे, मोठ्या प्रमाणावर गाळता येणारे खनिज लागले आणि १९३१ साली उत्पादन सुरू झाले. कॉलियरची खूण कोणीतरी जपली नसती तर छिद्र कोठे पाडायचे हे कसे कळले असते? २०२५ साली झांबियाने तांबे आणि कोबाल्टच्या शोधासाठी ९,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला देऊ केले. ज्या खात्यात बोस होते त्याच खात्याचे भूवैज्ञानिक आता तेथे दगड गोळा करणार. आपल्या घरी तांब्याची मोठी खाण आहे ती बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला, हिंदुस्तान कॉपरची; रायपूरहून फार लांब नाही. पण देशाची गरज तेवढ्यावर भागत नाही आणि तांब्याचे खनिज बाहेरून आणावे लागते.

मग आपल्याकडे तांबे शोधणाऱ्या छोट्या कंपन्या का नाहीत? उत्तर पुन्हा नियमांत आहे. १९५७च्या खाण व खनिज कायद्यात शोधणाऱ्याला पुढे खाणीचा पट्टा मिळण्यात अग्रक्रम असे, आणि 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या तत्त्वाने अर्जांवर निर्णय होत. त्यात वशिलेबाजी शिरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी ते अर्ज पाहिले आहेत. म्हणून २०१५ साली लिलाव आला. लोखंड किंवा चुनखडी यांसारख्या उघड्यावरच्या खनिजाला लिलाव योग्यच. पण जमिनीखाली खोल काय आहे हे ज्याला शोधायचे आहे, त्याने शोधावे आणि लिलावात दुसऱ्याने न्यावे, अशा बाजारात कोण उतरेल? ही चूक लक्षात यायला आठ वर्षे लागली. २०२३च्या दुरुस्तीने तांबे, सोने, निकेल, लिथियम अशा २९ खनिजांसाठी शोधाचा स्वतंत्र परवाना आला: क्षेत्र हजार चौरस किलोमीटरपर्यंत, मुदत पाच वर्षे आणि हवी तर आणखी दोन. खनिज सापडल्यास खाणीच्या लिलावात सरकारला जी वाढीव रक्कम मिळेल तिच्यातला हिस्सा शोधणाऱ्याला. जो कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. अशा परवान्यांचा पहिला लिलाव १३ मार्च २०२५ रोजी गोव्यात पुकारला गेला, तेरा क्षेत्रांचा.

कल्पना चांगली आहे. मला शंका आहे ती हिश्शाविषयी. जमशेटजींनी लोहाऱ्यावर जो खर्च केला त्यातून त्यांना हिस्सा काहीच मिळाला नसता, कारण खाण झालीच नाही. शंभरातल्या एका यशाने नव्याण्णव अपयशांचा खर्च निघायचा असेल तर ज्याने कमीत कमी मागितले त्यालाच काम द्यायचे, हे जमायचे कसे? मात्र दुसऱ्या एका गोष्टीचे मी मनापासून स्वागत करतो. डिसेंबर २०२३मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आपली भूशास्त्रीय माहिती संगणकावर सर्वांना खुली करून दिली. अजब बंगल्याच्या भिंतीवरचा नकाशा आता कोणालाही, साहेबांची वाट न पाहता, घरबसल्या पाहता येतो.

याविषयी मला इतके का वाटते, तेही सांगतो. नोकरीच्या मधल्या वर्षांत एका कार्यालयात काम करताना मला एका सोडून दिलेल्या शोधकामाचा जुना अहवाल हवा होता. तीन ऋतूंचे काम, छिद्रांचे गाभे, नमुन्यांचे तक्ते, सगळे सरकारी खर्चाने झालेले. पत्रव्यवहारात उत्तर आले की प्रकरण 'निष्फळ' म्हणून बंद झाले असल्याने धारिका ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहे. नियमानुसार सगळे बरोबर होते. छिद्रांच्या गाभ्यांची पेटी नंतर मला मागच्या आवारात सापडली. वाळवीने लाकूड खाल्ले होते, दगड इकडेतिकडे पडले होते आणि त्यांवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. कोणत्या खोलीचा कोणता दगड, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मी एक टिपण लिहिले की निष्फळ शोधाची धारिका यशस्वी शोधाच्या धारिकेइतकीच कायम ठेवावी. टिपण वर गेले. खाली आल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या वर्षी काही विभागांनी तेच क्षेत्र नव्याने शोधायचा प्रस्ताव पाठवला, तेव्हा त्याच्या आर्थिक छाननीवर सही करायला तो माझ्याच टेबलावर आला.

सिलतऱ्याच्या त्या अभियंत्याला मी बोसांच्या टिपणाची प्रत पाठवली. आठवड्याने त्याचा फोन आला. पाने कमी असल्याचे त्याला नवल वाटले होते. आमचा रोजचा पाळीचा अहवालही याहून मोठा असतो, म्हणाला. मग जरा थांबून त्याने सांगितले की भट्टीच्या आत थर साचून जी खेप बिघडते, तिच्या नोंदी ते महिनाअखेरीस फेकून देतात, कारण वरच्या बैठकीत फक्त चांगल्या खेपांचे आकडे मागतात. कोणत्या कोळशाने थर अधिक धरतो, हे खरे तर त्या नोंदींतच असते.

"आता त्या ठेवायला सांगतो, सर," तो म्हणाला.

ठेवतो की नाही, ते पुढच्या फेरीत विचारीन.